शेत काठापर्यंत

लेझर प्रिंटर घरचा असो वा चौकातल्या दुकानातला, कागदाच्या चारही बाजूंना चार-पाच मिलिमीटर पांढरी पट्टी सोडायची त्याला खोडच असते. पत्रापुरतं ठीक. आमच्या जुन्नरला एके काळी हातकागद बनत असे. जुन्या मोडी कागदांवरही समास सोडलेला दिसतोच. पण चित्र असेल तर?

आमच्या शाळेतल्या मुलींची छोटी पुस्तिका काढायची होती. मुखपृष्ठासाठी आंबेगावकडच्या एका मुलीचं चित्र निवडलं. कांद्याचे वाफे, वर आभाळ आणि अगदी उजव्या काठाला वाकून लावण करणारी तिची आई. आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाते. दुकानातून नमुना आला, तर आईची पाठच पट्टीत गेलेली! मग चित्र लहान करून बसवलं, तर भोवती पांढरी चौकट आली. मुलगी हळूच म्हणाली, "बाई, रान काय इथं संपत नाही."

मैत्रिणींनो, यात यंत्राचा दोष नाही. या प्रिंटरात ओली शाई नसते, टोनरची भुकटी असते. ती विजेच्या भाराने कागदावर ओढली जाते आणि तापलेल्या रुळांखाली वितळून चिकटते. थेट काठापर्यंत दिली तर बाहेर सांडून आतले भाग माखतात, शिवाय कागदाची पुढची कड गरम रुळाला चिकटण्याची भीती.

उपाय आपल्या शंकरपाळ्यांचाच. पोळी मोठी लाटायची नि कडा कातून टाकायच्या! चित्र ए-4 मापाचं, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. दुकानातल्या मुलाकडून चारही बाजूंनी माती नि आभाळ 3-3 मिलिमीटर वाढवून घेतलं. कापताना पातं केसभर सरकलं तरी पांढरी रेघ राहत नाही. याला छपाईवाले 'ब्लीड' म्हणतात. 13 बाय 19 इंची कागदावर अशी दोन मुखपृष्ठं बसतात, त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो. मात्र "फिट टू पेज नको, शंभर टक्के मापात छापा," असं बजावून सांगावं. घरच्या ए-4 प्रिंटरवर हे पूर्ण पानाला जमत नाही. हळदीकुंकवाचं लहानसं कार्ड मात्र असंच छापून कापता येतं.

पुस्तिका झाल्या. एक प्रत त्या आईसाठी बाजूला ठेवली आहे. लावणीचे दिवस सरले, खाडा न करता येता आलं, की ती न्यायला येणार आहे.