कुणीतरी जागे असते

माणसाचा देह साडेतीन हातांचा, असे आपले जुने लोक सांगत आले आहेत. हिशेबाने पाहिले तर त्याला निजावयासही तेवढीच जागा पुरावी. परंतु आपण घर बांधतो ते ऐसपैस. त्यात निजण्याची खोली वेगळी, तिच्यात पलंग, पलंगावर गादी, गादीवर मऊ चादर. आणि एवढे करूनही कित्येकांना झोप म्हणून येत नाही! उलट, धक्के खात चाललेल्या एस. टी. त दोन पोत्यांच्या मधोमध बसलेला एखादा प्रवासी असा गाढ झोपतो की, त्याचे गाव मागे पडले तरी त्याला पत्ता नसतो. तेव्हा झोप केवळ जागेवर अवलंबून नाही, हे उघड आहे. मग ती कशावर अवलंबून असते? या प्रश्नाचे उत्तर मला एका छोट्या मोटारीत मिळाले.

आपले बिऱ्हाड चाकांवर घेऊन हिंडणारी माणसे जगात पूर्वीपासून आहेत. गावाच्या वेशीबाहेर गाडी सोडून विळे-खुरपी घडवणारे गाडिया लोहार तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. हे लोक मूळचे राजस्थानातले. १५६८ साली चितोडगड अकबराच्या हाती पडला, तेव्हा गड पुन्हा आपला होईपर्यंत घराच्या छपराखाली राहावयाचे नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे ते परंपरेने सांगतात. पिढ्यान् पिढ्या त्यांचे जन्म, लग्ने आणि झोप, सारे गाडीच्या आसऱ्यानेच झाले. अखेर १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले.

त्यांची होती शपथ. दुसऱ्या काहींची असते नुसती हौस. अमेरिकेतील मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड आणि थोर संशोधक थॉमस एडिसन हे दोघे मित्र कित्येक उन्हाळ्यांत मोटारी घेऊन रानात मुक्कामाला जात. १९२१ साली तर अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग हेही त्यांच्या तळावर येऊन राहिले होते. मात्र या मंडळींबरोबर तंबू असत, स्वयंपाकाची वेगळी गाडी असे, आचारी असत. आणि एडिसन सोबत असल्यावर विजेचे दिवे असणारच! त्याला रानातला मुक्काम म्हणावे की रानात नेलेला वाडा म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या घरी एक छोटी संकरित मोटार आहे. संकरित म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोघांच्या भागीदारीवर चालणारी. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली अशी गाडी तयार केली होती. पण अशा मोटारी मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर येऊ लागल्या त्या १९९७ साली जपानमध्ये टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ निघाल्यापासून. साधी मोटार ब्रेक लावून थांबवली, की तिच्या वेगातील सारी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. संकरित मोटार त्यातील बराचसा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते आणि हळू चालताना तीच वीज वापरते. अशी गाडी उभी असतानाही तिचे यंत्र चालू ठेवले, तर दिवे आणि पंखा बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरू लागली की इंजिन आपले आपण सुरू होते, काही मिनिटे वीज भरते आणि पुन्हा गप्प होते. म्हणूनच परदेशांत कित्येक हौशी माणसे अशा गाडीत रात्र काढतात.

माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याने हे कुठेसे वाचले आणि तो माझ्या मागे लागला. डिसेंबर महिना होता. नागपुराहून निघून भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडून आम्ही साकोलीच्या बाजूला गेलो. पुढे नागझिऱ्याचे जंगल आहे. परंतु अभयारण्यात रात्री वाटेल तिथे वाहन उभे करता येत नाही, आणि तसे करूही नये. रात्रीचे रान हे जनावरांचे घर आहे. म्हणून आम्ही एका खेड्यात पोलीस पाटलांना भेटून परवानगी मागितली. त्यांनी गावाबाहेरच्या तलावाची जागा दाखवली.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजातील कसबी लोकांनी येथे पाणी अडवून शेकडो तलाव बांधले. पुढे ते गावच्या मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी ‘मालगुजारी तलाव’ हे नाव टिकून आहे. अशाच एका तलावाच्या पाळीखाली धानाचे खळे होते आणि तेथे कापलेल्या धानाचे पुंजणे उंच रचून ठेवले होते. त्यांची जागल करीत एक वृद्ध शेतकरी घोंगडी पांघरून बसले होते. पेटत्या विडीची ठिणगी, मोकाट गुरे, रानडुकरे या सगळ्यांपासून वर्षभराची कमाई राखावयाची, म्हणजे रात्री डोळ्याला डोळा लावून कसे चालेल? आम्ही मोटार पुंजण्यांपासून चांगली दूर उभी केली. कारण वाळलेले तणस आणि मोटारीचे तापलेले नळकांडे यांचे हाडवैर असते.

“कोणती गाडी म्हणाव जी ही?” आजोबांनी विचारले.

“हायब्रीड आहे, आजोबा,” पुतण्या ऐटीत म्हणाला.

“हायब्रीड? ते तं ज्वारी असते नं!”

त्यांचे काही चुकले नव्हते. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, तेव्हापासून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ‘हायब्रीड’ म्हटले की ज्वारीच आठवते. दोन जातींचे गुण एका रोपात आणले तसेच दोन यंत्रांचे गुण एका गाडीत आणले आहेत, असे मी सांगितले. ते त्यांना तत्काळ पटले.

मग बिछान्याची तयारी सुरू झाली. पुढच्या बैठका पुढे सरकवल्या, मागच्या आडव्या पाडल्या. परंतु आमच्या गाडीची बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे तळ सपाट होईना; मध्येच एक पायरी उरली. शिवाय लांबीही पुरेना. आयताचा कर्ण त्याच्या कोणत्याही बाजूपेक्षा लांब असतो, हे शाळेत शिकलेले सत्य त्या दिवशी माझ्या उपयोगी पडले. मी कर्णरेषेवर आडवा झालो आणि उरलेला त्रिकोण पुतण्याच्या वाट्याला आला. पायरीचे मात्र काय करावे ते सुचेना. आजोबा खिडकीतून पाहत होते.

“अशानं पाठ धरन जी. थांबा,” असे म्हणून ते गेले आणि तणसाचा एक भारा घेऊन आले. पायरीखालचा खळगा त्यांनी तणसाने असा बेताने भरला की, वर सतरंजी पसरताच उत्तम गादी तयार झाली. शंभर वर्षे विचार करून माणसाने निर्माण केलेल्या त्या यंत्रात जी उणीव होती, ती एका भाऱ्याने भरून निघाली!

शेकोटीजवळ बसल्यावर आजोबा जुन्या गोष्टी सांगू लागले. तरुणपणी ते बंडीत धान भरून तुमसरच्या बाजाराला जात. वाटेत रात्र झाली की बैल सोडावे, बंडीखाली तणस पसरावे आणि निजावे. “भीती नाही वाटायची?” पुतण्याने विचारले. “बैल जागे असत नं,” ते म्हणाले. जनावराचा वास आला की बैलांचे रवंथ थांबे, घुंगरांचा नाद बदले, आणि त्या बदलाने माणूस उठे. घुंगरू नेहमीसारखे वाजत आहे तोवर सारे क्षेम आहे, असे समजून तो झोपे.

रात्र वाढली तशी थंडी वाढली. पुतण्याच्या आग्रहावरून मी गाडीतली उष्ण हवा सुरू केली. ही ऊब इंजिनाच्या उष्णतेतून मिळते. जागा उघडी होती आणि खिडक्या बोट-दोन बोटे उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीचे कापड लावले होते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि कोंडलेल्या जागेत तो झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून मी जागा राहून लक्ष ठेवणार होतो. थोड्या वेळाने आम्ही गप्प पडून असताना इंजिन एकदम घरघरले. पुतण्या दचकून उठून बसला. त्याच क्षणी काठी आपटीत आजोबा आले.

“काय झालं जी? तुमचा बैल झोपेत उठते का?”

आम्हांला हसू आवरेना. “नाही, आजोबा,” पुतण्या म्हणाला, “तो जागा नाही झाला, त्याला नुसती भूक लागली होती!”

मुलगा गमतीने बोलला, परंतु त्याच्या बोलण्यात केवढे सत्य होते! ते यंत्र उठले होते ते स्वतःच्या बॅटरीसाठी. बाहेर वाघ येवो, वणवा येवो, त्याला त्याची दाद नव्हती. थोड्याच वेळात बॅटरी भरली. मग मी यंत्र पूर्ण बंद केले आणि आम्ही गोधड्या पांघरल्या.

आता बाहेरची रात्र ऐकू येऊ लागली. तलावावर अडई बदके शीळ घालीत उडत होती. पाळीवरून टिटवी ओरडली. दूर कोल्हेकुई झाली. अंधारात पुतण्याने माझा हात घट्ट धरला. “काका, दिवा लावू का?” तो कुजबुजला. मी उत्तर देणार, तोच खळ्याकडून आजोबांचा खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ शब्द आले, “निजा, निजा. मी आहो नं जागा.” माझ्या हातावरची पकड हळूहळू सैल झाली. काही वेळाने पुन्हा खोकला आला, तेव्हा तो ऐकायला पुतण्या जागा नव्हता.

पहाटे उठलो तेव्हा काचा आतून ओल्या झाल्या होत्या. आमच्याच श्वासांतली वाफ गारव्याने त्यांवर जमली होती. बाहेर आजोबांचा मुलगा जागलीवर आला होता आणि आजोबा तणसावर निवांत झोपले होते. आम्ही आमचा केरकचरा गोळा केला, तणसाचा भारा पुन्हा बांधून जागच्या जागी ठेवला आणि त्या मुलाचा निरोप घेतला. इंजिनाच्या आवाजाने आजोबांची झोप मोडणार, म्हणून पुतण्या हळहळला. परंतु रात्री भुकेने उठलेल्या त्या इंजिनाने बॅटरीत पुरेशी वीज भरून ठेवली होती. गाडी नुसत्या विजेवर, पाचोळ्यावरून मांजर जावे तशी, हलकेच निघाली. आजोबांनी कूसही बदलली नाही. त्या यंत्राविषयी मला त्या वेळी जेवढे कौतुक वाटले, तेवढे पूर्वी कधीच वाटले नव्हते.

एकदा हे ध्यानात आले म्हणजे रोजच्या झोपेकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. आपण निजतो तेव्हा राष्ट्रीय महामार्गावर ट्रकचालक भाजी आणि धान्य घेऊन चाललेले असतात. आपल्या गाडीतच दोन तास डोळे मिटून ते पुन्हा निघतात. रेल्वेचा कामगार हातात दिवा घेऊन रूळ तपासत मैलोगणती चालतो. रुग्णालयात परिचारिका एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाते. वीजकेंद्रात कुणी यंत्रावरच्या काट्यांवर नजर ठेवून बसलेला असतो, आणि थंडीच्या दिवसांत हजारो खळ्यांवर शेतकरी आपल्या सर्वांच्या अन्नाची राखण करीत असतात. आपल्या घरात कुणाला ताप आला असेल, तर आईही जागीच असते. यांतील बहुतेकांची आपली ओळखही नसते. तरीही आपली झोप त्यांच्याच भरवशावर उभी असते.

रात्री केव्हा जाग आली आणि दूरवर आगगाडीची शिटी, गस्तवाल्याची काठी किंवा कुणाचे खोकणे कानी पडले, तर त्रासून जाऊ नये. त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करावा आणि निःशंक झोपावे. आपल्याही जागण्याची पाळी पुढे यावयाची आहे.