नारिंगी शर्ट आणि हैदराबादचा रस्ता

दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याच्या ट्रंकेतून पुतण्याचा नारिंगी शर्ट निघाला. पाठीवरची छपाई उडालेली, गळा सैल झालेला. वहिनींनी तो बोहारणीला द्यायच्या ढिगावर टाकला. पुतण्या शेतातून आला, हातपाय धुतले आणि ढिगाकडे बघून थांबला. शर्ट उचलून त्यानं झटकला, घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवला.

"बंद पडलेल्या टीमचा शर्ट तो. कधी घालणारेस?" वहिनींनी विचारलं.

"घालायचा नाही. असू दे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मयत माणसाचं काठी-धोतर जपणाऱ्याच्या आवाजात जे असतं, ते होतं.

आमच्या मुरुम गावात फुटबॉलचं वेड कधी नव्हतं. आमच्याकडे कबड्डी, खो-खो, जत्रेतल्या कुस्त्या. चौकात सामना बघायला गर्दी जमली तर ती क्रिकेटची. पुतण्याला फुटबॉल लागला तो पुण्यात. २०१४ साली तो तिकडं शिकायला गेला आणि त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. 'एफसी पुणे सिटी' हा पुण्याचा संघ, बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल त्याचं घर, नारिंगी आणि जांभळा हे त्याचे रंग. समर्थक स्वतःला 'ऑरेंज आर्मी' म्हणवून घ्यायचे. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे पुण्याकडून खेळला. पण पोरगं सामन्याला त्रेझेगेमुळं गेलं नव्हतं. होस्टेलमधल्या कुणीतरी नेलं म्हणून गेलं आणि मग जातच राहिलं.

का, ते मला उशिरा कळलं. मराठवाड्याचं पोर पुण्यात गेलं की पहिलं वर्षभर त्याला एकच प्रश्न येतो : कुठला रे तू? बोलण्याचा हेल ऐकून विचारतात. आमच्या जिल्ह्याचं तेव्हाचं नाव 'उस्मानाबाद' सांगितलं की समोरचा दुष्काळाचं काहीतरी बोलायचा. बालेवाडीच्या स्टँडात हे कुणी विचारत नव्हतं. नारिंगी शर्ट घातला की तो पुण्याचा. ज्या शहरानं त्याला खोली द्यायला तीन महिने लावले, त्या शहरानं रंग पहिल्याच दिवशी दिला.

मी एकदाच त्याच्याबरोबर गेलो. ७ मार्च २०१८, बेंगळुरू एफसीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. पुणे पहिल्यांदाच तिथवर पोचलं होतं. मार्सेलिन्हो, अल्फारो ही नावं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकली. सामना ०-० सुटला. गोल नाही, निकाल नाही, पण मला कंटाळा आला नाही, कारण मी मैदानापेक्षा स्टँड जास्त बघत होतो. ढोल वाजत होता. पुतण्या माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. घरात चार शब्द बोलणारा हा पोरगा शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात हात टाकून ओरडत होता. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि पुणे ३-१ हरलं. फोनवर तो म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष वाईट गेलं आणि २०१९ मध्ये संघच गेला. मालकांचे पैशाचे हाल झाले, लीगमधली ती जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि मार्सेलिन्होसुद्धा तिकडं गेले. संघ हैदराबाद एफसी झाला, आणि पुढं पिवळा-काळा ही त्याची ओळख झाली. बालेवाडीच्या स्टँडात बसणाऱ्याला कुणी एक चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही.

मी त्या वेळी त्याच्याशी जे बोललो, त्याची आज खंत वाटते. मला बातमी वाचून बरंच वाटलं होतं. मुरुमच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्या वडिलांच्या पिढीला मोठा दवाखाना, मोठा बाजार म्हटलं की पुणं आठवायचं नाही, हैदराबाद आठवायचं. फुटबॉल बघायचा तर हैदराबादचा इतिहास पुण्याहून मोठा. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. तो संघ घडवणारे सय्यद अब्दुल रहीम भारताचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. हे सगळं मी त्याला सांगितलं आणि म्हणालो, "हैदराबाद म्हणजे आपलंच की. आता पिवळा घाल."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हैदराबादवर माझा राग नाही. पण आम्हाला कुणी विचारलं का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी वाचत गेलो, तसं लक्षात आलं की हाच प्रश्न जगात ठिकठिकाणी विचारला गेलाय.

वेल्समधला कार्डिफ सिटी हा संघ शंभर वर्षं निळ्या रंगात खेळत होता. त्याला लोक 'ब्लूबर्ड्स' म्हणतात. २०१२ साली मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टान यांनी शर्ट लाल केला आणि बिल्ल्यावर मोठा ड्रॅगन आणला. लाल रंग शुभ, आशियात चालेल, हा त्यांचा विचार. बदल्यात पैसा ओतायची तयारी होती. आणि त्या लाल शर्टात काय झालं, तर संघ ५१ वर्षांनी अव्वल विभागात गेला! कार्डिफकरांना जे दोन पिढ्या बघायला मिळालं नव्हतं, ते नको त्या रंगात मिळालं. मला त्यांच्या जागी बसून बघावंसं वाटतं. घरात लग्न आहे, मुलगी सुखात पडते आहे, पण देवक आपलं बसवलेलं नाही. आनंद करायचा की नाही? कित्येक लोक तशा यशातही निळा मफलर घालून स्टँडात बसत राहिले आणि त्यांनी मोर्चे काढले. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये टान यांनी निळा परत दिला. आपल्या आईनं एकोप्याचं महत्त्व समजावलं, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं. मला हे फार मोलाचं वाटतं. जे हिशेबाच्या वहीला कळलं नाही, ते एका म्हाताऱ्या बाईला कळलं.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला असं नशीब लाभलं नाही. तिथला संघ १९३३ पासूनचा, रंग जांभळा. २००५ साली शीतपेयाच्या कंपनीनं तो घेतला, नाव बदललं, रंग लाल-पांढरा केला. जुने लोक भांडले तेव्हा गोलकीपरचे मोजे जांभळे ठेवू, अशी तडजोड पुढं आली. मोजे! ज्यांनी ती धुडकावली त्यांनी त्याच वर्षी आपला जांभळा संघ नव्यानं काढला आणि देशाच्या सर्वांत खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. दहा वर्षांत तो दुसऱ्या विभागापर्यंत चढला.

रंग कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. लीड्सचा संघ पूर्वी निळा-सोनेरी होता. १९६१ मध्ये प्रशिक्षक डॉन रेव्हीनं तो रिआल माद्रिदसारखा पांढरा केला, आणि आज तिथला माणूस पांढऱ्यासाठी जीव टाकतो. लिव्हरपूल प्रशिक्षक शँक्लीमुळं १९६४ पासून नखशिखांत लाल झालं. पण ते बदल घरातल्या माणसानं केले होते. रेव्ही आणि शँक्ली रोज त्याच मैदानावर उभे राहणारे होते. सून घराचा रंग बदलते तेव्हा कुणी कोर्टात जात नाही.

मोहन बागानचं उदाहरण आपल्या देशातलंच. २०२० मध्ये लीगमधल्या एटीके या कोलकात्याच्याच संघाबरोबर विलीनीकरण झालं तेव्हा हिरवा-मरून रंग टिकला, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. फक्त नावापुढं तीन अक्षरं आली. तेवढ्यासाठी लोक तीन वर्षं आंदोलन करत राहिले. १८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघानं लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरं काढण्याची घोषणा केली. १८८९ चा क्लब, अनवाणी पायांनी १९११ ची आयएफए शील्ड जिंकणारा. त्याच्यामागं सव्वाशे वर्षांची माणसं उभी आहेत.

आपल्या कोल्हापुरात तर हा प्रश्न पडायलाच जागा नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या फुटबॉल खेळणाऱ्या तालमी. शाहू स्टेडियमवर उतरते ती पेठ. तालीम कुणाच्या खिशातली नाही, म्हणून ती कुणी विकूही शकत नाही.

पुण्याच्या पोरांमागं काय होतं? पाच वर्षं. मोर्चा काढायला माणसं थोडी, रडायला इतिहास थोडा. लोक म्हणाले, पाच वर्षांच्या संघाचं कसलं आलंय सुतक? पण माझ्या पुतण्याची ती पाच वर्षं अठरा ते तेवीस या वयातली होती. माणसाचं सगळं घडतं ते त्याच वयात. क्लबचं वय मोजून दुःखाचं माप काढायचं नसतं.

पुणे, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद हा हमरस्ता आमच्या गावाजवळून जातो. त्या संघाची जागा जणू आमच्या दारावरूनच पुण्याहून हैदराबादला गेली. याच रस्त्यावर नळदुर्ग आणि अणदूर ही शेजारशेजारची गावं आहेत आणि त्या दोघांत मिळून एक खंडोबा आहे. देवाची मूर्ती पावणेदोन महिने नळदुर्गला असते, उरलेला काळ अणदूरला. दरवर्षी देव हलतो. पण हलण्याआधी दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, देव कधी नेणार आणि कधी परत देणार ते कागदावर येतं. मग पालखी निघते, भंडारा उधळला जातो. ज्यांचा देव जातो त्यांच्याही अंगावर तोच पिवळा भंडारा असतो. लहानपणापासून मी हे ऐकत आलो, पण त्या करारात केवढा शहाणपणा आहे ते मला एका फुटबॉल संघानं दाखवलं. देवाला हलवायचं तर गावाची सही लागते.

हैदराबादनं त्या जागेचं सोनं केलं, हे खरं. पहिल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघानं २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीत हरवून लीग जिंकली. पुतण्यानं तो सामना बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मग तिथंही पैशाची ओढाताण सुरू झाली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. आता तो संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली आहे. अकरा वर्षांत तीन शहरं. पुतण्याच्या जुन्या कंपनीतला एक मित्र हैदराबादचा आहे, गच्चीबावलीच्या मैदानावर पिवळा घालून जायचा. बातमी आली त्या रात्री पुतण्यानं त्याला फोन लावला. बराच वेळ दोघं बोलत होते, बहुतेक कामाचंच.

इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा झाला. क्लबचा बिल्ला किंवा घरच्या शर्टाचा मुख्य रंग बदलायचा असेल तर बहुसंख्य समर्थकांचा पाठिंबा आहे हे आधी दाखवावं लागेल, असं त्यात लिहिलंय. आपल्या लीगनंही तेवढं एक कलम घालावं, आणि शहर बदलण्यालाही ते लागू करावं. अणदूर-नळदुर्गच्या मानकऱ्यांना जे दरवर्षी जमतं, ते लीग चालवणाऱ्यांना जमायला हरकत नाही.