मिरचीचे दिवस आणि बँकेचा तक्ता

छत्रपती संभाजीनगर
डिसेंबर २०२४

चि. बाळास,


तू पाठवलेला प्रकल्प अहवाल काल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. फोनवर हे सगळं धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. पुण्याची नोकरी सोडून बजाजनगरात भाजलेल्या धान्याचं येसर आणि काळा मसाला यांचा धंदा काढायचा, हा तुझा विचार मला मनापासून पटला आहे. हा अहवाल मात्र मी अजून बँकेच्या कर्ज विभागात असते तर तुला परत दिला असता.

पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. पिठाची गिरणी असो, पेव्हर ब्लॉक असोत की पापड, हे आकडे मी नोकरीभर असेच वाचत आले. अहवाल करून देणाऱ्याकडे तक्ता तयारच असतो, त्यात मशीनचं नाव तेवढं बदलतं. बँकेतल्या माणसालाही हे कळतं. तरी कर्ज मंजूर होऊ शकतं, कारण कागदावर डीएससीआर, म्हणजे हप्ते फेडायच्या ऐपतीचं गुणोत्तर, बरोबर बसवलेलं असतं. पण दर महिन्याचा हप्ता तुला भरायचा आहे, आणि तो त्या तक्त्यातून निघणार नाही.

वर्षाची विक्री २४ लाख धरून तिला बारानं भागलं आहे आणि दर महिन्यासमोर २ लाख लिहिले आहेत. आपल्याकडे मसाल्याचं वर्ष असं चालतं का गं? होळी झाली की घराघरांत उन्हाळी कामं सुरू होतात. मिरची वाळवायची, देठं खुडायची, कांडपावर रांग लावायची. त्या दिवसांत जिच्या घरी तिखट कांडलं जातं ती बाई तुझं पाकीट कशाला घेईल? श्रावणात पुष्कळ घरांत मटण-मासे बंद होतात, काळा मसाला डब्यातच राहतो. पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे मिरची वाळत नाही आणि कांडपही मंदावतं. येसराचं गणित वेगळं. लग्नसराईत पंगतीला येसर आमटी हवी असते, तेव्हा येसर एकदम मोठ्या मापानं जातं.

आता खरेदीकडे बघ. अहवालात कच्चा माल विक्रीच्या ६० टक्के धरला आहे, म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार. त्यातली निम्मी रक्कम मिरचीची धरली तर ७ लाख २० हजार होतात. नवी वाळलेली मिरची फेब्रुवारीपासून मेपर्यंत बाजारात येते, धणेही साधारण त्याच सुमारास. चांगला रंग आणि बरा भाव हवा असेल तर वर्षाचा माल तेव्हाच भरावा लागतो. बँक खेळतं भांडवल कसं काढते ते तुला माहीत असावं. १९९२ च्या नायक समितीच्या अहवालापासून लहान उद्योगाला साधा हिशेब लावतात: अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुझे. २४ लाखांवर हे ६ लाख होतात. या हिशेबामागे असं गृहीत आहे की माल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीन महिने लागतात आणि वर्षात असे चार फेरे होतात. तुझी मिरची मार्चमध्ये येणार आणि तिचं शेवटचं पाकीट पुढच्या फेब्रुवारीत विकलं जाणार. एकट्या मिरचीलाच ६ लाख पुरत नाहीत. भाडं, मजुरी, पाकिटं आणि दुकानदारांची उधारी त्यानंतरची.

म्हणून सगळ्यात आधी बारा महिन्यांचा रोख पैशांचा तक्ता तू स्वतःच्या हातानं कर. वर महिने लिही, खाली आलेला पैसा, गेलेला पैसा आणि महिन्याच्या शेवटी उरलेला पैसा. ज्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते त्या महिन्यावर लाल खूण कर. मला वाटतं एप्रिल आणि मे लाल होतील.

त्यावर एक उपाय त्याच महिन्यांत आहे, आणि अहवालात त्याची एक ओळही नाही. कांडप यंत्र तू घेणारच आहेस. मार्च ते जून लोकांची मिरची किलोमागे मजुरी घेऊन कांडून दे. माल त्यांचा, पैसा रोख, उधारीचा प्रश्न नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला तेव्हापासून बीड, परभणी, जालना, नांदेडकडची माणसं बजाजनगरात येऊन राहिली आहेत. एका-दोन खोल्यांत राहणाऱ्या या घरांना उन्हाळ्यात मिरची वाळत घालायला गच्ची मिळते, कांडायला जागा मिळत नाही. येसर काय असतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या कांडपाच्या मजुरीतून तुझ्या मिरचीच्या खरेदीला हातभार लागेल, आणि कांडपाला आलेली बाई समोरचं येसराचं पाकीट हातात घेऊन बघेल.

दुसरा उपाय शीतगृहाचा. तिथे ठेवलेल्या मिरचीचा रंग टिकतो, आणि व्यापारी वर्षभर तिथून माल काढून विकतात. पावसाळ्यानंतर तीच मिरची महाग पडेल हे खरं. पण तो जादा भाव आणि सहा-आठ महिने अडकलेल्या पैशाचं व्याज, हे दोन्ही शेजारी मांडून बघ. पहिल्या वर्षी कदाचित महाग मिरचीच स्वस्त पडेल.

उत्पादन खर्चाच्या पानावर ‘घट’ म्हणून ३ टक्के लिहिले आहेत. हा आकडा कुठून आला ते अहवाल करून देणाऱ्या गृहस्थांना विचार. मी सांगते तसं करून पाहा. जाधववाडीच्या बाजारातून दहा किलो मिरची आण, घरी आल्याबरोबर वजन कर. तीन दिवस कडक उन्हात टाक, पुन्हा वजन. देठं खुडून पुन्हा. पांढरी पडलेली, बुरशीची निवडून काढ, पुन्हा. कांडून, चाळून झाल्यावर शेवटचं. पाचही वजनं वहीत तारखेसह लिही. बेडगी घेतलीस तर वेगळा आकडा येईल, गुंटूरची घेतलीस तर वेगळा. येसराचंही तसंच: बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजताना किती वजन जातं ते काट्यावरच कळेल. या वहीतली पानं अहवालाला जोड. कर्ज विभागातला माणूस असं पान बघितलं की पुढचे प्रश्न वेगळ्या स्वरात विचारतो, हे मी खात्रीनं सांगते.

विक्रीचंही तसंच आहे. ‘स्थानिक बाजारात मोठी मागणी आहे’ हे वाक्य काढून टाक. गुलमंडी, औरंगपुरा, सिडको आणि बजाजनगर इथल्या किराणा दुकानांत जा. कोणतं पाकीट सगळ्यात जास्त जातं, दुकानदाराला त्यात किती सुटतात, पैसे किती दिवसांनी देतो, न खपलेला माल परत करतो का, एवढं विचार. २००६ च्या कायद्यानं उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. नोंदणी जरूर कर, कॅन्टीनला किंवा मोठ्या दुकानांच्या साखळीला माल देशील तेव्हा ती उपयोगी पडेल. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी मात्र कोणी कायदा काढून भांडत नाही. त्याच्या उधारीचे दिवस तक्त्यात धरूनच चाल.

अनुदानाचं थोडक्यात. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के मिळतात, शहरी भागात २५, आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. बजाजनगर ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, त्याचा फायदा तुला होईल. पण ते पैसे पहिल्या दिवशी हातात पडत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत तुझ्या नावानं ठेव म्हणून राहतात, आणि धंदा चालू आहे याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. तुझ्या अहवालात ते पहिल्याच महिन्यात जमेला धरले आहेत, ती ओळ खोड. अन्न प्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख मिळतात. तिथे अहवाल करायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन सरकार देतं. म्हणजे ज्या कामाचे तू पैसे मोजलेस ते तिथे फुकट झालं असतं. दोन्हींची चौकशी कर आणि एकच निवड. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला कोणी घराची कागदपत्रं तारण मागितली तर रिझर्व्ह बँकेचा नियम तुझ्या बाजूनं आहे, बाबांना घर गहाण टाकू देऊ नकोस. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, १९८८ पासून. त्यांचं प्रशिक्षण कर्ज मिळायच्या आधीच करून घे.

आता डिसेंबर आहे. अर्ज, मंजुरी, मशीन, थ्री फेजचा वीजजोड यांत मार्च निघून जाईल, म्हणून यंदाच्या मिरचीच्या मागे धावू नकोस. येसराला लागणारं धान्य मोंढ्यात बाराही महिने मिळतं, त्यात पैसा अडकत नाही. पहिल्या वर्षी येसर पुढे ठेव, यंत्र वेळेत आलं तर कांडप, आणि काळा मसाला थोडाच. २४ लाखांचा आकडा खाली येईल, येऊ दे. कर्जही तेवढंच कमी मागावं लागेल.

तक्ता पेन्सिलीनं भर आणि संक्रांतीला येशील तेव्हा घेऊन ये. सकाळी लवकर जाधववाडीला जाऊ, तिथून गुलमंडीला. बँकेत कधी जायचं ते त्यानंतर ठरवू. वहिनीकडून तिच्या येसराचं प्रमाण मापानं लिहून घे, ती सगळं अंदाजानंच घालते.

तुझी,
आत्या