टक्

दादरला काकूच्या दिवाणखान्यात एक शोकेस होतं. सागवानी चौकट, सरकत्या काचा, काचांना इवलंसं कुलूप आणि त्याची किल्ली काकूच्या कमरेच्या जुडग्यात. आत आग्र्याहून आणलेला, पोटात बल्ब पेटणारा संगमरवरी ताजमहाल, किमोनोतली जपानी बाहुली, दोन शंख आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला एक टी-सेट, जो कुठल्याच पाहुण्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या खणात थोडं तिरकं ठेवलेलं एक खोकं. त्यावर चंद्राची जमीन, निळं-राखाडी यान, यानाला पिवळ्या पारदर्शक काचा. शेजारी चार अंतराळवीर, दोन तांबडे आणि दोन पांढरे. एका कोपऱ्यात आकडा होता : 928.

काका मर्चंट नेव्हीत. 1980 साली युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी ते माझ्या चुलतभावासाठी आणलं होतं. तो तेव्हा दोन वर्षांचा. ‘जरा मोठा झाला की देऊ’ असं ठरलं. तो मोठा झाला, बारावीला बसला, नोकरीला लागला, तरी खोकं शोकेसमध्येच. ते आलं त्या वर्षी मी आठ वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत दादरला गेलो की काचेला नाक लावून उभा राहायचो. काचेवर वाफ धरायची, ती सदऱ्याच्या बाहीने पुसायची, पुन्हा बघायचं. स्वयंपाकघरातून काकूचा आवाज यायचा, “हात नाही लावायचा हं, नुसतं बघायचं.”

आज जगभर लोक अशी लेगोची खोकी न फोडता कपाटात रचून ठेवतात. एखाद्या सेटचं उत्पादन थांबलं की त्याचा भाव चढतो म्हणून. काकू या पंथाची आद्य साधक म्हणायला हवी. फरक इतकाच, की तिला भाव ठाऊक नव्हता. वस्तू वापरली की संपते, एवढंच तिला ठाऊक होतं.

आमच्या घरी मेकॅनिक्सच्या पट्ट्या होत्या, नटबोल्टसकट. शिवाय देशी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा एक डबा. ते ठोकळे सैल बसायचे. तिसऱ्या मजल्यापर्यंत इमारत सुतात, चौथ्याला कलायची आणि पंखा लावला की गेलीच. दोष माझ्या हातात आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. तो ठोकळ्याच्या पोटात होता, हे पुष्कळ उशिरा कळलं.

ही पोटाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन 1932 पासून लाकडी खेळणी करत. ‘लाय गॉट’, म्हणजे ‘छान खेळ’, या दोन डॅनिश शब्दांतून लेगो हे नाव निघालं. 1949 मध्ये त्यांनी प्लॅस्टिकचे ठोकळे काढले, तेही हिलरी पेज या ब्रिटिश माणसाच्या ठोकळ्यांवरून. आतून ते रिकामे होते, आमच्या डब्यातल्यासारखेच, आणि पकड यथातथाच. मग ओले यांचा मुलगा गॉटफ्रेड याने ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवल्या. 28 जानेवारी 1958 ला त्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. खालच्या ठोकळ्याचं बटण वरच्याच्या भिंती आणि नळी यांच्यात शिरतं, प्लॅस्टिक किंचित दबतं, आवळून धरतं, आणि ओढलं की मुकाट सोडून देतं. हे धरणं आणि सोडणं दोन्ही जमवायचं तर मापं केसाच्याही आतली लागतात. बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाचा मध्य 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6, आणि तीन चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ठोकळा. 1958 चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आमच्याकडे बरणीचं झाकण पुढच्या वर्षी घेतलेल्या बरणीला बसत नाही.

आणि बसताना तो एक आवाज करतो. टक्. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो.

या छंदातल्या लोकांची एक परिभाषा आहे. मोठेपणी खेळणाऱ्याला ते ‘एफॉल’ म्हणतात. लहानपणी ठोकळे सुटल्यापासून मोठेपणी पुन्हा हातात येईपर्यंतचा जो काळ, त्याला ‘डार्क एजेस’. परदेशातले हौशी लोक आपापल्या अंधारयुगाबद्दल मोठ्या हळहळीने बोलतात. आमच्या पिढीची पंचाईत अशी, की अंधार पडायला आधी दिवस तर उजाडायला हवा! आमचा दिवस शोकेसच्या आत होता.

पुण्यात ज्या दुकानातून मी सेट घेऊ लागलो, तिथल्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, “मुलासाठी का सर?” मला मूल नाही आणि पटकन खरं बोलायची सवयही नाही. “भाच्यासाठी,” मी म्हणालो. “किती वर्षांचा?” “नऊ.” तिने चकचकीत कागदात बांधून वर लाल फीत लावली. घरी येऊन मी स्वतःचीच भेट स्वतः उघडली. तो भाचा पुढे पाचेक वर्षं नऊचाच राहिला. मग एकदा मी खोक्यावर 18+ लिहिलेला सेट उचलला, तेव्हा ती काही न विचारता म्हणाली, “कागद नको ना सर?”

आवडनिवड माझी हेकट आहे. सिनेमांवरचे सेट मला फारसे रुचत नाहीत. तिथे गोष्ट आधीच सांगून झालेली असते. आयफेल टॉवरचा 10,001 तुकड्यांचा सेट 2022 मध्ये आला, तेव्हा एका मित्राकडे बसून त्याच्या दोन बाजू लावू लागलो. तीच जाळी पुन्हा, पुन्हा तीच जाळी. ठिपक्यांची रांगोळी दहा अंगणांत काढायला सांगावी तसं. ताजमहालही आहे. 2008 च्या सेटमध्ये 5,922 तुकडे होते, 2017 मध्ये तोच पुन्हा काढला तेव्हा 5,923. नऊ वर्षांत शहाजहानला आणखी एक तुकडा लागला! तो मी घेतला नाही. काकूच्या ताजमहालात बल्ब होता.

मी वाट बघत होतो ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती 2022 च्या ऑगस्टमध्ये आली. गॅलेक्सी एक्सप्लोरर. खोक्यावरचं तेच यान, कंपनीच्या नव्वदीनिमित्त नव्याने केलेलं. 1979 च्या मूळ यानात 338 तुकडे होते, यात 1,254. आणि यान जुन्याच्या दीडपट. मी ते हातात धरलं आणि मला जाणवलं, की आठव्या वर्षी ते मला केवढं दिसलं असतं, तेवढंच आत्ता दिसतंय. यान वाढलं होतं, कारण मधल्या काळात हातही वाढले होते.

हल्ली मोठ्या सेटमध्ये पिशव्यांवर आकडे असतात. आधी 1 फोडा, मग 2. शोधाशोध उरलेली नाही. मला ते पटत नाही. मी सगळ्या पिशव्या एका परातीत ओततो आणि आईला हाक मारतो.

आई ऐंशीच्या पुढची. डाळ-तांदूळ हल्ली निवडलेलेच येतात, त्यामुळे तिच्या बोटांना काम राहिलेलं नाही. परात पुढ्यात आली की चष्मा वर सरकवते, तुकडे एका कडेला ओढते, आणि सुपात खडे वेचावेत तशी बोटं चालू लागतात. बारीक गोल टिकल्या मिसळणाच्या जुन्या डब्यात : मोहरीच्या वाटीत तांबड्या, हळदीच्या वाटीत पारदर्शक पिवळ्या. हळदीची वाटी कितीही घासली तरी पिवळीच आहे, त्यामुळे तिथे काय टाकलंय ते दिसतच नाही. ओट्याजवळ आणखी एक वाटी असते, ती घरकामाला येणाऱ्या मावशींची. सोफ्याखाली, पायपुसण्यात जे सापडेल ते त्या तिथे टाकतात. “दादा, तुमचा दात सापडला,” म्हणतात. पांढरा, एका बटणाचा चौकोनी तुकडा हुबेहूब दुधाच्या दातासारखा दिसतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

एकदा अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून जुने तुकडे किलोच्या भावाने मिळाले. ते नव्या राखाडी तुकड्यांत मिसळून मी आईपुढे ठेवले. थोड्या वेळाने पाहतो तो तिने राखाडीचे दोन ढीग केलेले.

“अगं, एकच रंग आहे तो.”

“कुठे एक? हा पिवळट मारतोय, हा निळसर.”

मला दिसेना. ती दोन तुकडे मुठीत घेऊन उठली आणि गॅलरीत गेली. ब्लाउजपीस घेताना मॅचिंग सेंटरमधून कापड दाराशी आणून उन्हात धरायची, तशी. दुकानातल्या ट्यूबलाइटवर रंगाचा भरवसा ठेवायचा नाही, हा तिचा जन्माचा नियम. गॅलरीतल्या उजेडात दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून तिने माझ्यापुढे धरले. एक ओल्या राखेसारखा, दुसरा पावसाळी ढगासारखा. कंपनीने 2004 मध्ये राखाडी रंग बदलला आणि हौशी मंडळींनी त्यावरून केवढा गदारोळ केला होता, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं, एवढंच. आईने काहीही न वाचता पाहिलं.

काका आता चौऱ्याऐंशीचे. काकू तीन वर्षांपूर्वी गेली. काकांना मी एकदा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची हकीकत वाचून दाखवली होती. 13 फेब्रुवारी 1997 ला रॉटरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेलं ‘टोकियो एक्स्प्रेस’ जहाज इंग्लंडच्या लँड्स एंडजवळ एका राक्षसी लाटेने कललं आणि 62 कंटेनर समुद्रात गेले. एकात लेगोचे जवळजवळ 48 लाख तुकडे होते, आणि योगायोग असा, की त्यातले बरेचसे समुद्राचेच : ऑक्टोपस, पाणबुड्यांची पायफावडी, होड्या. तिथल्या किनाऱ्यांवर ते अजून सापडतात. लोक सकाळी ओहोटीला वेचायला जातात.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कंटेनर पडला की लगेच बुडत नाही रे. पाणी आत शिरेपर्यंत तरंगत राहतो. रात्री आम्हाला त्याचीच धास्ती.” आणि थोड्या वेळाने, “ऑक्टोपस एखादा मिळाला का तुला?”

गेल्या वर्षी दादरची इमारत पुनर्विकासाला निघाली. शोकेस कुणालाच नको होतं. ताजमहालचा एक मिनार निखळलेला, बाहुलीचा किमोनो हात लावताच विरणारा. चुलतभाऊ आणि काका खोकं घेऊन पुण्याला आले. पंचेचाळीस वर्षांत त्याची चिकटपट्टी पिवळी पडली होती, तुटली मात्र कुठेच नव्हती. भावाने मोबाइलवर न फोडलेल्या 928 चा भाव शोधला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि पाणी मागितलं.

“विकू या का?” त्याने विचारलं. मला नव्हे, काकांना.

काका खिशातून काहीतरी काढत होते. किल्ल्यांचं जुडगं. त्यातली सगळ्यात लहान, शोकेसची किल्ली त्यांनी वेगळी केली आणि तिच्या दात्यांनी चिकटपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत करकर कापली. कुणी काही बोललं नाही. आईने परात पुढे सरकवली.

जुन्या सेटची पुस्तिका कमालीची अबोल. कुठले तुकडे घ्यायचे ते सांगत नाही. आधीचं चित्र आणि पुढचं चित्र यांत काय वाढलं ते आपणच हुडकायचं. भाऊ आणि मी चित्रावर डोकी लावून बसलो, काका चंद्रावरच्या विवरांची पाटी मांडीवर घेऊन तिच्यावरून बोट फिरवत राहिले. राखाडी सगळा पिवळट होता. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही. यानाच्या अंगावर LL928 असं छापलेलं. मागची दारं उघडतात, आत एक छोटी गाडी मावते. बंदूक कुठेही नाही. त्या काळातल्या या अंतराळवीरांना शत्रू नसत, ते नुसते हिंडायला निघालेले. दीडपटीचं नवं यान शेजारच्या फळीवर होतं, आणि त्याच्यापुढे हे एवढंसं.

शेवटी चौघांची शिरस्त्राणं उरली. या जुन्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी फार बारीक, हे सगळ्या जगाला माहीत आहे. 2014 च्या ‘द लेगो मूव्ही’तला बेनी नावाचा निळा अंतराळवीर पडदाभर हिंडतो तो ती पट्टी मोडलेल्या शिरस्त्राणानेच. तीन मी चढवली, श्वास रोखून. चौथं, तांबडं, काकांनी मागितलं. त्यांचा हात थरथरतो. भाऊ पुढे झाला, काकांनी त्याला खुणेनेच थांबवलं. त्यांनी तो माणूस डाव्या चिमटीत धरला, उजव्या अंगठ्याने शिरस्त्राण वरून दाबलं. दाबलं, थांबले, आणखी थोडं दाबलं.

टक्.

“तुटलं का हो?” आईने विचारलं.

काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. “नाही,” म्हणाले. “बसलं.”