पेन्नंट मेलांगेल : सशाला अभय देणारी दरी

वेल्सच्या पोविस परगण्यात, बेर्विन पर्वतरांगेच्या कुशीत टॅनट नावाची एक लहान नदी उगम पावते. तिच्या काठचे लांगिनॉग हे गाव मागे टाकले, की एक अरुंद रस्ता दरीत शिरतो. एका वेळी एकच मोटार जाऊ शकेल एवढीच त्याची रुंदी. दोन्ही बाजूंना दगडी बांध, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा आणि चरणाऱ्या मेंढ्या. सुमारे तीन किलोमीटर गेल्यावर तीन बाजूंनी डोंगर उभे ठाकतात आणि रस्ता संपतो. तेथे एक दगडी चर्च आणि मोजकी घरे आहेत. हीच पेन्नंट मेलांगेल ही वाडी. ‘पेन्नंट’ या वेल्श शब्दाचा अर्थ दरीचे शिर. मेलांगेल हे एका तपस्विनीचे नाव. लॅटिन ग्रंथांत तिला मोनासेला म्हटले आहे.

येथे किल्ला, राजवाडा किंवा बाजारपेठ नाही. तरीही शेकडो वर्षे यात्रेकरू या टोकाला येत राहिले. त्याचे कारण एक ससा आहे.

कथा अशी सांगतात. मेलांगेल ही आयर्लंडमधील राजकन्या. मनाविरुद्ध ठरलेला विवाह टाळण्यासाठी ती समुद्र ओलांडून या निर्जन दरीत आली आणि पंधरा वर्षे एकांतात राहिली. इ. स. ६०४ मध्ये पोविसचा राजा ब्रोखवेल शिकारीसाठी येथे आला. त्याच्या कुत्र्यांनी एका सशाचा पाठलाग केला. ससा काटेरी जाळीत घुसला आणि तेथे प्रार्थनेत मग्न असलेल्या मेलांगेलच्या वस्त्राच्या घोळात लपला. राजाने कुत्र्यांना पुढे होण्याची आज्ञा केली. पण ते कण्हत मागे सरले. शिकाऱ्याने ओठांना लावलेले शिंग ओठांनाच चिकटून राहिले. राजाने चौकशी केली, तिची हकिगत ऐकली आणि ती सारी दरी तिला दान दिली. त्या दानाची अट एकच होती : जो कोणी येथे आश्रयाला येईल, त्याला अभय मिळावे.

या दानाचे मोल समजण्यासाठी ससा कोणता हे ध्यानात घ्यावे लागते. हा पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा नव्हे. हा रानातला तपकिरी ससा बीळ खणत नाही. गवतात उथळ खळगा करून तो उघड्यावरच बसतो. त्याची पिल्लेही केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी उघड्यावरच जन्मतात. संकट आले, तर धावणे एवढाच त्याला उपाय. धाव संपली, की त्याला आसरा उरत नाही. अशा जिवाला मेलांगेलने आसरा दिला. म्हणून या भागात सशांना ‘मेलांगेलची कोकरे’ असे प्रेमाचे नाव मिळाले.

जैन वाचकांना येथे ज्ञाताधर्मकथांगातील मेघकुमाराच्या पूर्वभवाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. वणव्यात सर्व प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीवाटीने उभे असताना हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. त्याच्यासाठी हत्तीने अडीच दिवस तो पाय खाली टेकवला नाही. या दोन कथांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु करुणेची परीक्षा घेण्यासाठी दोन दूरच्या परंपरांनी सशासारखाच दुबळा जीव निवडावा, हे लक्षणीय आहे.

कथा बाजूला ठेवून स्थळ पाहू लागले, तरी त्याचा इतिहास उणा पडत नाही. चर्चभोवतीचे आवार साधारण वर्तुळाकार आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात येथे कांस्ययुगातील दहनसंस्काराच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्म येथे पोहोचण्यापूर्वीही ही जागा मृतांच्या स्मृतीसाठी राखलेली होती. आवारात यू जातीचे प्रचंड वृक्ष आहेत. आपल्या हिमालयातील थुनेर याच कुळातला. येथील काही यू वृक्षांचे वय दोन हजार वर्षांच्या घरात मानले जाते. त्यांचे पिळदार, पोकळ बुंधे पाहताना आपल्याकडील देवराया आठवतात. तेथेही झाड वाचते ते पहाऱ्यामुळे नव्हे, श्रद्धेमुळे.

चर्चच्या आतील प्रमुख वास्तू म्हणजे मेलांगेलची समाधी. बाराव्या शतकातील ही रचना रोमनेस्क शैलीची असून, उत्तर युरोपात टिकून राहिलेल्या त्या शैलीच्या समाध्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. खांबांनी पेललेली, उतरत्या छपराची ही दगडी रचना पानाफुलांच्या कोरीव कामाने सजली आहे. मात्र आज दिसते ती समाधी जुन्या तुकड्यांतून पुन्हा उभी केलेली आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर संतांच्या समाध्यांची पूजा निषिद्ध ठरली आणि ही समाधी मोडण्यात आली. तिचे दगड टाकून न देता चर्चच्या भिंतींत आणि आवाराच्या प्रवेशद्वारात बसवले गेले. १९५८ मध्ये ते तुकडे शोधून समाधी प्रथम जुळवण्यात आली.

त्याहून बोलकी आहे ती पंधराव्या शतकातील नक्षीदार लाकडी पडदी. तिच्यावर घोड्यावरचा राजा, शिंग ओठांना लावलेला शिकारी, कुत्रे, ससा आणि मेलांगेल असा सारा प्रसंग कोरलेला आहे. या कथेची उपलब्ध हस्तलिखिते सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरची आहेत. म्हणजे कागदाच्या आधी ही कथा लाकडाने जपली. समाधी मोडली गेली त्या काळातही ही पडदी वाचली.

जवळच दोन दगडी शयनमूर्ती आहेत. स्त्रीमूर्ती मेलांगेलची मानतात, तर पुरुषमूर्ती ग्विनेदच्या राजघराण्यातील यॉरवर्थची. ‘बसक्या नाकाचा’ म्हणून ओळखला जाणारा हा राजपुत्र वेल्सचा पराक्रमी राजा ल्यूएलिन याचा पिता. वारसाहक्काच्या कलहात तो याच दरीत आश्रयाला आला, अशी परंपरा आहे. मूर्तीची घडण त्याच्या काळानंतरची, चौदाव्या शतकातील आहे. पण राजपुत्रालाही लपायला हीच दरी सापडली असे लोकांना वाटले, यातच तिची ख्याती दिसते.

आसपासचा परिसरही पाहण्यासारखा आहे. लांगिनॉगच्या डोंगरांतून एके काळी शिसे आणि पाटीचा दगड निघे. त्यासाठी १९०४ मध्ये टॅनट खोऱ्यात छोटी रेल्वे आली. तिची प्रवासी वाहतूक १९५१ मध्ये थांबली आणि दरी पुन्हा शांत झाली. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पिस्टिल राएडर हा सुमारे ७३ मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याच्या खालच्या लानराएडर गावात धर्मगुरू असताना विल्यम मॉर्गन यांनी बायबलच्या वेल्श अनुवादाचे काम केले. तो १५८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्श भाषा आजवर जिवंत राहण्यात या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे. इंग्रजीच्या छायेतील त्या भाषेलाही असा या डोंगरांत आसरा मिळाला.

आता मूळ दानाकडे वळू. राजाने दिलेला शब्द टिकला का? अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासक टॉमस पेन्नंट यांनी वेल्सच्या प्रवासवर्णनात नोंदले आहे, की सतराव्या शतकापर्यंत या चर्चच्या हद्दीत कोणी ससा मारत नसे. कुत्रे मागे लागलेला ससा दिसला, की ‘देव आणि मोनासेला तुझ्या पाठीशी असोत’ अशा अर्थाचे शब्द मोठ्याने उच्चारावेत म्हणजे तो निसटतो, अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणजे समाधी मोडल्यानंतरही बराच काळ सामान्य शेतकऱ्यांनी ते दान पाळले. त्यांच्यावर ना पहारेकरी होता, ना दंडाची भीती. पुढे हळूहळू ती श्रद्धा विरली.

कुत्र्यांकरवी सशाची शिकार करण्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने मनाई झाली ती २००४ च्या अधिनियमाने; तो २००५ मध्ये अमलात आला. तरीही बंदुकीने ससा मारण्यास तेथे आजही सरसकट बंदी नाही. शेतीच्या बदललेल्या पद्धतींमुळे गेल्या शतकभरात ब्रिटनमधील तपकिरी सशांची संख्या पुष्कळ घटली आहे. कायदा काय करू नये ते सांगतो. लपलेल्या जिवाला आपल्या वस्त्राचा घोळ देण्याची आज्ञा मात्र कोणताही कायदा करत नाही. ते काम शेवटी माणसांच्या मनावरच सोपवलेले असते.

हे चर्चही माणसांच्या मनानेच वाचवले. १९८० च्या दशकात ते मोडकळीस आले होते आणि ते पाडून टाकण्याची वेळ आली होती. एका धर्मगुरू दांपत्याने व स्थानिकांनी ते वाचवण्याचा ध्यास घेतला. उत्खननात सापडलेल्या पायावर चर्चच्या पूर्व टोकाचा अर्धवर्तुळाकार भाग पुन्हा बांधण्यात आला, समाधी नव्याने उभारली गेली आणि १९९२ मध्ये काम पूर्ण झाले. पुढे दुर्धर आजाराने ग्रासलेल्या आणि दुःखी माणसांना धीर देण्याचे कार्यही येथे सुरू झाले. आश्रयाची जुनी अट अशा रीतीने नव्या रूपात पाळली गेली.

मेलांगेलचा स्मृतिदिन २७ मे हा आहे. त्या सुमारास दरी हिरवीगार असते आणि दिवस लांबलेला असतो. इंग्लंडमध्ये मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी लंडनच्या पलीकडे जायचे ठरवले, तर वेल्शपूलपर्यंत रेल्वेने आणि पुढे मोटारीने येथे पोहोचता येते. आवारात शिरताना आवाज खाली ठेवावा. संध्याकाळी बांधापलीकडच्या गवतात काळ्या टोकांचे दोन लांब कान क्वचित दिसतात. तेव्हा छायाचित्रासाठी पुढे न होता जागीच थांबावे. म्हणजे त्या जिवाला धाव घ्यावी लागणार नाही.