सियाचीनचा कचरा कुणी खाली आणायचा?

रविवारी पहाटे घाटकोपर, मुलुंडला कसारा लोकल पकडणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये एकेकाळी हरीश कापडियांचं 'ट्रेक द सह्याद्रीज' हमखास असायचं. मी तालुक्याच्या पेपरातून मुंबईत आलेला माणूस. मला ते रूम पार्टनरनं दिलं. गड म्हणजे फक्त इतिहास नाही, डोंगरही आहे, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं.

कापडिया मुंबईचे कापडाचे व्यापारी. 1974 मध्ये नंदादेवी परिसरात ते हिमभेगेत पडले, खुबा निखळला. साथीदारांनी कित्येक दिवस उचलून खाली आणलं. पुढची दोन वर्षं कुबड्यांवर. आपण असतो तर दुकानाच्या गल्ल्यावर बसलो असतो. हा माणूस परत हिमालयात गेला, वर्षानुवर्षं जातच राहिला आणि 'हिमालयन जर्नल'चा संपादकही झाला.

पण खरा मुद्दा सियाचीनचा. एप्रिल 1984 पासून तिथं लष्कर आहे. माणसं राहणार म्हटल्यावर रॉकेल आलं, डबे आले, दारूगोळा आला आणि मैला पण. वर गेलेलं सगळं खाली येत नाही, बरंचसं हिमभेगांत जातं. बर्फ वितळला की तेच पाणी नुब्रात, तिथून श्योकमध्ये, पुढे सिंधूत. म्हणजे घाण आधी आपल्याच लडाखी माणसाच्या दारात येते! आमिर अली आणि कापडिया यांच्यासारख्या गिर्यारोहकांनी म्हणूनच दोन्ही देशांनी मिळून तिथं 'पीस पार्क' करावा, असं मांडलं.

आता आपल्या ग्रुपवर हे टाका. "पाकिस्तानात जा" असं पहिलं उत्तर दोन मिनिटांत येईल.

तर त्या उत्तरवाल्यांसाठी सांगतो. कापडियांचा मुलगा, लेफ्टनंट नवांग कापडिया, गुरखा रायफल्सचा. नोव्हेंबर 2000 मध्ये काश्मीरमध्ये कुपवाड्याकडे अतिरेक्यांशी लढताना गेला. त्यानंतरही बाप सियाचीनवर बोलत राहिला, 2010 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

पीस पार्क लगेच होईल असं मलाही वाटत नाही. कारगिलनंतर कुठलं सरकार शिखरं मोकळी सोडेल? सोडूही नयेत, असं माझं मत. पण चौकी ठेवूनही कचरा खाली आणता येतो. ते काम किती झालं, ग्लेशियरच्या पाण्याची तपासणी कोण करतं, हे प्रश्न आपल्या खासदाराला विचारायला कुणाची हरकत आहे?

ईशान्य मुंबईवाल्यांनो, मी पत्र लिहिलंय. सही करणार असाल तर कमेंटमध्ये सांगा.