मावशींचा पहिला घाणा

महाराष्ट्रात कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसाला कारण द्यावं लागतं. ‘माळ घातलीय का?’, ‘जैन का तुम्ही?’, ‘चातुर्मास पाळता?’ यांपैकी एकाला हो म्हणता आलं की यजमान निर्धास्त होतो. ‘पोटाला सोसत नाही’ म्हटलं की मात्र दुखावतो. ‘एवढ्याशा कांद्यानं काय होतंय’ असा चेहरा करून रश्श्याची वाटी पुढे सरकवतो. अशा वाट्या मागे सरकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. लग्नकार्यात मी गुपचूप जैन काउंटर गाठायचे. तिथली कच्च्या केळ्यांची पावभाजी मला पाठ आहे. चातुर्मास निदान कार्तिकीला सुटतो. माझा सुटत नव्हता.

सुरुवात एका पावसाळ्यात झाली. जुलाबांनी अंथरूण धरायला लावलं. त्यातून उठले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. जेवण झालं की थोड्या वेळात ते नगाऱ्यासारखं ताणायचं, मुरडा धरायचा. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली, सगळं नॉर्मल. निदान निघालं ‘आयबीएस’. डॉक्टरांनी बंद करायच्या पदार्थांची यादी दिली, तिच्यात कांदा आणि लसूण सगळ्यात वर. ते पुन्हा कधी सुरू करायचे, हे त्या कागदावर नव्हतं. पुढच्या भेटींतही त्याचा विषय निघाला नाही.

तो कागद मी मावशींना वाचून दाखवला. मावशी आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक करतात. माहेर-सासर दोन्ही कराडच्या बाजूला. तिकडे नुसतं ‘चटणी’ म्हटलं तरी कांदा-लसूण मसाला समजतात, आणि तो ज्यात नाही त्याला भाजी म्हणत नाहीत. यादी संपली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मग ऱ्हायलं काय, ताई?”

त्यानंतर त्यांनी स्वयंपाकाचा क्रमच बदलला. घरात इतर तिघं कांदा-लसणावर वाढलेले. आधी हिंग-जिऱ्याच्या फोडणीत भाजी टाकायची, शिजत आली की माझी वाटी बाजूला काढायची, मग दुसऱ्या कढईत कांदा परतून उरलेली भाजी त्यात घालायची. रोज. भांडी दोनदा पडायची, वेळ जास्त जायचा. मी पगार वाढवला, तो त्यांनी घेतला. (घ्यायलाच हवा होता. घरकामाच्या माणसांच्या ‘मायेच्या’ गोष्टी सांगताना लोक पगाराचं सोयीनं विसरतात.)

हिंगाचंही त्यांनीच पाहिलं. बाजारातल्या खड्यांत आणि पुडीत नुसता हिंग नसतो. डिंक आणि कसलं तरी पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. मावशींनी डबीवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली आणि तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून आणवला.

मग एक दिवस माझ्या आमटीला लसणाचा वास आला. मी चमचा खाली ठेवला. मावशी ओट्यापाशीच होत्या. म्हणाल्या, “लसूण न्हाई त्यात. तेलात लाल केला आन् काढून टाकला. मग वरण वतलं. वाईच खाऊन बघा.” ओट्यावरच्या बशीत तळलेल्या लसणाच्या पाकळ्या होत्या, त्यांनी मोजून टाकल्या होत्या, मोजून काढल्या होत्या. मी आमटी खाल्ली. काही झालं नाही. कितीतरी दिवसांनी जेवणाला जेवणाची चव आली होती.

त्यामागचं कारण मला फार नंतर, एका आहारतज्ज्ञ बाईंकडून कळलं. कांदा, लसूण आणि गहू यांच्यात फ्रुक्टान असतात, म्हणजे फळसाखरेच्या रेणूंच्या साखळ्या. त्या तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच, कुणाच्याच नसतं. न पचता त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. इतरांना तो जाणवतही नाही. माझ्यासारख्यांच्या आतड्याला तो ताण कळ म्हणून जाणवतो. आणि हे फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून तेलात वास उतरतो, त्रास उतरत नाही. मात्र पाकळ्या वरण ओतायच्या आधी काढायला हव्यात. नेमक्या तेव्हाच मावशी त्या काढत होत्या.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात असल्या आहाराची पद्धत बसवली गेली. तिच्यात पदार्थ बंद ठेवायचे ते 2 ते 6 आठवडे. पुढे एकेक पदार्थ परत आणून बघायचा, कारण फ्रुक्टानवर आतड्यातले उपयोगी जिवाणूही जगतात. त्यांना कायमचं उपाशी ठेवून भलं होत नाही. मी पद्धतीचा पहिला अर्धा भाग वर्षानुवर्षं पाळत बसले होते. बाईंनी सांगितलं: एका वेळी एकच पदार्थ. तीन दिवस, रोज थोडा वाढवत. मग काही दिवस थांबायचं आणि दुसरा. तेवढ्या काळात बाकी जेवण नेहमीचंच, पोळीऐवजी भाकरी.

मी घरी येऊन हे सांगितलं, पण हात धजेना. लसूण समोर दिसला तरी पोटात गोळा यायचा. बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं: भीतीनंसुद्धा पोट दुखतं, आणि ते दुखणं खरंच असतं. तोड मावशींनी काढली. “तुमाला सांगतच न्हाई. कुटल्या दिवशी घातला ते माझं मला म्हाईत.” माझ्या आमटीला लसणाचा वास तर रोजच असायचा. पाकळी काढली की ठेचून आत राहू दिली, हे मला चवीवरून कळणं शक्यच नव्हतं. औषधांच्या चाचणीत रुग्णाला अंधारात ठेवतात ते यासाठीच. मावशींनी ते आमच्या ओट्यावर आणलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथेच, त्या पेनानं बारीक टिंब देऊ लागल्या. मी ते पान बघायचं नाही असं ठरलं. मी मात्र माझ्या वहीत, पोट कसं आहे ते रोज लिहायचे.

शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवलं. टिंबांच्या दिवसांपुढे माझ्या वहीत ‘ठीक’, ‘ठीक’, ‘किंचित जड’. आणि ज्या दिवशी मी ‘असह्य, अर्धा दिवस रजा’ लिहिलं होतं, तिथे टिंब नव्हतं. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या दिशी तुमचं हापिसात वाजलं हुतं.” तेही त्यांच्या लक्षात होतं.

कांद्याची पाळी आली ती नेमकी आषाढात. कांदेनवमीला अख्खी सोसायटी चातुर्मासाआधीची खेकडा भजी खाऊन घेत होती, आणि मी मिसळणाच्या डब्यातल्या चमच्यानं मोजलेला परतलेला कांदा खात होते. भज्यांचा घमघमाट जिन्यात भरला होता. मी मागून बघितलं. मावशींनी कांदा आणि वर बेसन, दोन्ही एकदम नाही म्हणून सरळ नकार दिला. कांदा लसणाइतका सोपा गेला नाही. चमचाभर चालला, दोन चमच्यांना पोटानं तक्रार केली. कच्चा तर अजूनही चालत नाही. मिसळीवर मी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घेते.

मला हे सगळं लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं मसाल्याबद्दल. दर उन्हाळ्यात मावशी गावी जाऊन वर्षाची चटणी करून आणतात, आणि माझ्यासाठी कांदा-लसूण न घातलेली वेगळी, छोट्या बरणीत. ब्याडगी आणि लवंगी मिरची, धणे, तीळ, भाजलेलं खोबरं. मिरच्यांचे पैसे मी देत होते, त्यामुळे हिशेब चुकता आहे असं मला वाटायचं. यंदा मावशींची सून इकडे आली होती, तिनं सहज सांगितलं. डंकावर दिवसभर गावाचे कांदा-लसणाचे मसाले कांडले जातात. उखळाला ते चिकटून राहतं. म्हणून मावशी दरवर्षी उजाडायच्या आत डंकावर जाऊन बसायच्या, उखळ पुसून घ्यायच्या आणि दिवसाचा पहिला घाणा माझा काढायच्या. मग घरच्यासाठी पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या. डंकवाला चिडायचा म्हणे. इतक्या वर्षांत हे त्या माझ्याजवळ एकदाही बोलल्या नव्हत्या.

मी विचारलं तर म्हणाल्या, “त्यात काय सांगायचं?” आणि लगेच मिरचीच्या भावावर आल्या. औंदा लवंगी महाग झालीय, पैसे आधी द्या. वेगळा घाणा नको, तुमच्यातलीच चटणी द्या, थोडी कमी वापरीन, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. लसूण चालतो म्हणजे घालू, कांदा निम्मा, पण घाणा वेगळाच. “फुडल्या साली बघू एकातच करायचं का ते,” म्हणाल्या, आणि पैसे मोजून कनवटीला लावले.